साथीच्या काळातील तालीम

साथीचा रोग गावात शिरला असता तालमीत जाणे चालू ठेवावे की थांबवावे, हा प्रश्न २०२० साली अनेकांना नवा वाटला. महाराष्ट्रात मात्र तो किमान सव्वाशे वर्षे जुना आहे, आणि त्याची चर्चा जेव्हा जेव्हा झाली तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होत आलेली आहे. व्यायामाने शरीर काटक होते आणि काटक शरीर रोगाशी अधिक चांगले झुंजते, ही एक गोष्ट. आणि तो व्यायाम ज्या बंद जागेत, ज्या माणसांच्या अंगाला अंग लावून केला जातो तेथे रोग एकाचा दुसऱ्याला लागतो, ही दुसरी. तालमीच्या परंपरेने पहिल्या गोष्टीवर अढळ श्रद्धा ठेवली. दुसरीची जाणीव तिला साथींनी करून दिली, आणि तीही फार मोठी किंमत घेऊन.

ही किंमत समजण्यासाठी जुन्या तालमीची बांधणी ध्यानात घ्यावी लागते. पुण्यातील चिंचेची तालीम, खालकर तालीम, गोकुळ वस्ताद तालीम किंवा कोल्हापुरातील मोतीबाग आणि गंगावेस या तालमींची नावे कुस्तीच्या इतिहासात आदराने घेतली जातात. अशा जुन्या धर्तीच्या तालमीचे दार बहुधा ठेंगणे, भिंती जाड आणि झरोके लहान असत, कारण घामेजलेल्या अंगाला वारा लागू नये अशी समजूत होती. मध्यभागी हौदा, म्हणजे कुस्तीसाठी खणून तयार केलेली मऊ मातीची जागा; तिच्यातील तांबड्या मातीत तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, कापूर अशा वस्तू मिसळून ती रोज फावड्याने उकरली जाई, आणि हे उकरणे हाही व्यायामाचाच भाग मानला जाई. कोनाड्यात मारुती, कडेला मुद्गल, करेला आणि मल्लखांब. जोर-बैठका झाल्या की पठ्ठे, म्हणजे वस्तादाचे शिष्य, मातीत उतरत आणि एकमेकांना भिडत. दोन मल्ल पकड घेऊन उभे राहिले की कपाळाला कपाळ टेकते, एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येतो, आणि एकाच्या अंगावरची माती व घाम दुसऱ्याच्या अंगावर जातो. विश्रांती घेत असलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो, तर कसलेला मल्ल ऐन झटापटीत शंभर लिटरांहून अधिक. हळद-कापराने माती निर्जंतुक होते, असे तालमीत आजही अभिमानाने सांगितले जाते. ते त्वचेच्या रोगांपुरते काही अंशी खरे धरले, तरी हवेतून जाणाऱ्या रोगाला मातीत काहीही मिसळले म्हणून अटकाव होत नाही.

प्राचीन वैद्यकाला हे दोन्ही मुद्दे ठाऊक होते, ही गोष्ट तालमीच्या परंपरेत फारशी सांगितली जात नाही. व्यायामाने शरीर हलके होते, कष्ट सोसण्याची ताकद येते आणि जठराग्नी प्रदीप्त होतो, असे आयुर्वेदाचे ग्रंथ सांगतात. परंतु तो आपल्या निम्म्या शक्तीपुरताच करावा असा दंडकही तेच घालतात, आणि अतिव्यायामाने खोकला, ताप व वांती होते असे वाग्भटाने अष्टांगहृदयात स्पष्ट नोंदवले आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात काही रोग माणसाकडून माणसाकडे जातात असे सांगून त्यांचे मार्ग दिले आहेत: अंगाचा स्पर्श, निःश्वास, एकत्र भोजन, एका शय्येवर वा आसनावर बसणे-निजणे, दुसऱ्याची वस्त्रे, माळा व उटणी वापरणे. या यादीतले पहिले दोन मार्ग म्हणजे कुस्तीच होय. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर ‘जनपदोद्ध्वंस’, म्हणजे प्रदेशच्या प्रदेश उद्ध्वस्त करणारी साथ, या विषयाला एक अध्याय वाहिलेला आहे, आणि तेथे अग्निवेशाने आपल्या गुरूला विचारलेला प्रश्न आजही मोलाचा आहे. माणसांची प्रकृती, आहार, वय आणि बळ हे सारे वेगवेगळे असताना एकाच रोगाने ती सारी एकाच वेळी कशी मरतात, असे तो विचारतो. हवा, पाणी, भूमी आणि काळ या सर्वांना समाईक असलेल्या गोष्टी बिघडल्या की एकट्याचे बळ पुरे पडत नाही, असे उत्तर त्याला मिळते. त्या बिघाडाची चरकाने दिलेली कारणे आज मान्य होणार नाहीत; पण बळकट माणूसही साथीत दगावतो हे निरीक्षण त्यात आहे, आणि पुढे १९१८ साली महाराष्ट्राने तेच पुन्हा अनुभवले.

त्याआधीची मोठी साथ प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग असल्याचे ओळखले, त्यानंतर काही महिन्यांत मुंबईतील लाखो माणसे शहर सोडून गेली, आणि त्यांच्याबरोबर व मालाबरोबर रोग पुण्याकडे, कोकणात व देशावर पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. तपासणी, विलगीकरण, घरे रिकामी करणे, यात्रा व जमाव रोखणे असे अत्यंत व्यापक अधिकार त्याने सरकारला दिले, आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी मार्च ते मे या काळात घरोघर घुसून झडत्या घेतल्या. त्या झडत्यांची दांडगाई आणि त्यातून पेटलेला संताप मराठी वाचकांना परिचित आहे. येथे पाहायचे ते एवढेच, की त्या काळी प्लेग कसा पसरतो हे कोणालाच नीट माहीत नव्हते. दमट, अंधाऱ्या, कोंदट जागेतील दूषित हवेतून तो होतो, अशी डॉक्टरांची सर्वसाधारण समजूत होती, आणि त्या कसोटीने जुनी तालीम ही शहरातील संशयास्पद जागांत सहज मोडली असती. उंदरांवरील पिसवा हे खरे कारण पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानंतर, म्हणजे १९०५ नंतरच, ते सर्वमान्य झाले. तोवर गावकऱ्यांनी आपल्या अनुभवाने काढलेला मार्गच शहाणपणाचा ठरला होता: घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर खोपटी घालून राहायचे. गाव ओस पडले की तालीमही आपोआप ओस पडे. तिच्या बंद होण्याला सरकारी हुकुमाची गरज नव्हती, आणि माळावर राहायला गेलेल्या तरुणाने खोपटासमोर जोर काढले तर त्यात धोका काहीच नव्हता, उलट उंदरांपासून दूर असल्यामुळे तो अधिक सुरक्षित होता.

सरकारचे तालमीकडे लक्ष गेले ते निराळ्याच कारणाने. दामोदर आणि बाळकृष्ण या चापेकर बंधूंनी पुण्यात १८९५ च्या सुमारास तरुणांना शारीरिक व लष्करी धर्तीचे शिक्षण देणारे एक मंडळ काढले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मरण पावला, आणि पुढे चापेकर बंधूंना व महादेव रानडे यांना फाशी झाली. तेव्हापासून व्यायामासाठी जमणारे तरुण ही राज्यकर्त्यांच्या दृष्टीने राजद्रोहाची शंका घेण्याजोगी गोष्ट झाली. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालानेही क्रांतिकारक कटांच्या आढाव्यात सुरुवातीच्याच भागात चापेकरांच्या या मंडळाची दखल घेतली. याचा एक दूरगामी परिणाम असा, की व्यायामशाळेवर घातलेले कोणतेही सरकारी बंधन मराठी मनाला दडपशाहीसारखे वाटू लागले. प्लेगच्या काळात ज्या कायद्याच्या नावाखाली घरे उघडी पाडली गेली, तोच कायदा आरोग्याच्या रास्त कारणासाठी वापरला तरी लोकांना त्याची धास्ती वाटावी, हे स्वाभाविक होते, आणि त्याचा दोष लोकांकडे जात नाही.

प्लेगने घर सोडायला लावले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने पळून जायलाही जागा ठेवली नाही. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि पाहता पाहता शहर अंथरुणाला खिळले. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पावसाने दगा दिल्याने धान्य महागले होते आणि गावोगाव उपासमार होती. अशा वेळी मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड या प्रदेशांना हिंदुस्थानात सर्वाधिक झळ बसलेल्या प्रदेशांत गणावे लागले, आणि साऱ्या देशातील मृत्यूंचा अंदाज सव्वा कोटीपासून जवळपास दोन कोटींपर्यंत केला जातो. मराठी मुलखात या तापाला मानमोडी म्हणत.

मानमोडीचे वैशिष्ट्य हे, की तिने म्हातारे आणि तान्ही मुले यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, वीस ते चाळीस या वयातील धडधाकट माणसांना नेले. नेहमीच्या फ्लूमध्ये हे उलट असते. तरुण शरीराची प्रतिकारशक्ती या विषाणूला इतक्या जोराने भिडते की फुप्फुसांचेच नुकसान होते, असे एक स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी दिले. या पिढीच्या बालपणी जो फ्लू फिरत होता त्याच्यामुळे तिचे शरीर नव्या विषाणूला चुकीच्या पद्धतीने सामोरे गेले, असे दुसरे. कारण कोणतेही असो, ज्या वयात माणूस हौद्यात उतरतो, ज्या वयात छाती भरते आणि दंड पिळदार होतात, नेमके तेच वय सर्वाधिक धोक्यात होते. ‘कमावलेले शरीर साथीला दाद देत नाही’ या समजुतीला याहून कठोर उत्तर इतिहासात मिळणार नाही. त्या काळच्या आरोग्य खात्याने दिलेला सल्ला साधा होता: गर्दी टाळा, उघड्यावर निजा, गुळण्या करा, ताप आल्यास अंथरूण सोडू नका. यातील शेवटचा सल्ला तालमीच्या शिकवणुकीच्या नेमका विरुद्ध जाणारा आहे. अंग मोडून आले की चार जोर जास्त काढून ते मोकळे करावे, घाम गाळून कणकण घालवावी, ही तालमीतली पद्धत साध्या थकव्याला लागू पडते. विषाणूच्या तापात ती घातक ठरू शकते, कारण असा ताप कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो आणि त्या अवस्थेत केलेले श्रम हृदयाची लय बिघडवू शकतात. पोलिओबाबत १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये डब्ल्यू. रिची रसेल या डॉक्टरांनी दाखवून दिले की आजाराच्या पहिल्या दिवसांत ज्यांनी शारीरिक श्रम केले त्यांना येणारा पक्षाघात अधिक तीव्र होता. आजारी शरीराला विश्रांती देणे म्हणजे आळस होय, असे मानणाऱ्या वस्तादांनी आपल्या पठ्ठ्यांवर प्रेमच केले यात शंका नाही. परंतु या एका बाबतीत वाग्भटाचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोचले नाही, हे मान्य करावे लागते.

मानमोडीनंतरच्या दशकात महाराष्ट्रातील व्यायामाचे रूप झपाट्याने बदलले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून होते; त्यात १९२४ साली पुण्याच्या महाराष्ट्रीय मंडळाची आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामाची, तर १९२५ साली दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराची भर पडली. या संस्थांनी व्यायाम मोठ्या प्रमाणावर मैदानात आणला: सामुदायिक कवायती, लेझीम, मल्लखांबाची प्रात्यक्षिके. हे साथीच्या भीतीने घडले असे म्हणता येणार नाही. त्यामागे राष्ट्रीय शिक्षणाची, शिस्तीची आणि स्वराज्याची प्रेरणा होती. तरीही त्याचा आरोग्याला झालेला लाभ नाकारता येत नाही. याच काळात औंधचे राजे भवानराव श्रीनिवास पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो अथक प्रचार केला, तो या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. सूर्यनमस्काराला जोडीदार लागत नाही, साधन लागत नाही, आणि एका माणसाला आडवे होता येईल एवढी जागा पुरते. व्यायाम आणि व्यायामाची जागा या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येतात, हे औंधच्या राजांनी कोणत्याही साथीचा हवाला न देता सिद्ध करून ठेवले, आणि शंभर वर्षांनी घरात अडकलेल्या लाखो लोकांच्या ते कामी आले.

मधल्या काळात शहरांतून तालमीच्या शेजारी जिम उभी राहिली. मातीच्या जागी रबरी चटया, मुद्गलाच्या जागी लोखंडी वजने, मारुतीच्या कोनाड्याच्या जागी भिंतभर आरसे आले. परंतु हवेच्या दृष्टीने पाहिले तर जिम जुन्या तालमीपेक्षा फारशी निराळी निघाली नाही. वातानुकूलन चालावे म्हणून खिडक्या कायमच्या बंद केल्या गेल्या, तीच तीच हवा थंड करून पुन्हा आत सोडली जाऊ लागली, आणि मोठ्या आवाजातील संगीतामुळे शिकवणाऱ्याला ओरडून बोलावे लागू लागले.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले करोना रुग्ण सापडले. १३ मार्च रोजी राज्य सरकारने १८९७ चा तोच साथरोग कायदा लागू करून मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील व्यायामशाळा, चित्रपटगृहे व तरणतलाव बंद करण्याचा आदेश दिला. देवळांच्याही आधी व्यायामशाळांवर बंदी यावी, याचा अनेकांना राग आला, पण त्या निर्णयाची यथार्थता दक्षिण कोरियातून लवकरच पुढे आली. चेओनान शहरात फेब्रुवारीच्या मध्यास नृत्य-व्यायामाच्या शिक्षकांचे एक शिबिर झाले होते, आणि त्यात लागण झालेल्या शिक्षकांकडून बारा व्यायामकेंद्रांशी संबंधित ११२ जण बाधित झाल्याचे तपासात दिसले. सुमारे साठ चौरस मीटरच्या खोलीत पाच ते बावीस जण पन्नास मिनिटे उड्या मारत होते. त्याच शिक्षकांपैकी एक जण योगासनांसारखे शांत व्यायाम प्रकारही शिकवीत असे, आणि त्या वर्गातील कोणालाही लागण झाली नाही. जोरजोराने घेतलेला श्वास, लहान खोली आणि दाटी यांचा हा हिशेब आहे. शिक्षक आजारी असूनही शांत वर्ग सुरक्षित राहिला, तर तो व्यायामाचा दोष म्हणता येत नाही.

केंद्र सरकारने ५ ऑगस्ट २०२० पासून व्यायामशाळा उघडण्यास मुभा दिली तेव्हा माणशी चार चौरस मीटर जागा, सहा फुटांचे अंतर आणि शक्य तितकी बाहेरची हवा अशा अटी घातल्या, आणि हास्ययोगालाही मनाई केली, जो प्रकार मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या हास्यक्लबांमुळे बागाबागांतून रुळला होता. महाराष्ट्राने मात्र थांबण्याचा निर्णय घेतला आणि २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, दारे उघडली. तेव्हाही झुंबा, वाफेची खोली आणि सामुदायिक वर्ग बंदच ठेवले गेले. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा मिटली. नंतर ती उघडली, पण जानेवारी २०२२ मध्ये ८ तारखेला पुन्हा संपूर्ण बंदीचा आदेश निघाला आणि दुसऱ्याच दिवशी तो बदलून निम्म्या क्षमतेने, लस घेतलेल्यांसाठी, मुखपट्टीसह परवानगी देण्यात आली. एका रात्रीत आदेश फिरतो तेव्हा त्यामागचा शास्त्रीय आधार लोकांना दिसत नाही, आणि १८९७ पासून चालत आलेला अविश्वास बळावतो. सरकारने बंदी घातली हे योग्यच होते. बंदी का आहे आणि ती कोणत्या अटीवर उठेल हे तालमीच्या भाषेत समजावून सांगितले नाही, ही उणीव होती.

दरम्यान व्यायामाच्या बाजूचाही पुरावा गोळा होत होता. कॅलिफोर्नियातील ४८,४४० करोना रुग्णांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की साथीपूर्वीची दोन वर्षे सातत्याने निष्क्रिय राहिलेल्यांना रुग्णालयात दाखल होण्याचा आणि मृत्यूचा धोका आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम करणाऱ्यांच्या मानाने दुपटीहून अधिक होता. म्हणजे तालमीची श्रद्धा खोटी नव्हती. व्यायामाने लागण टळत नाही, पण लागणीनंतर शरीर तग धरते, आणि हा लाभ घराच्या अंगणात, गच्चीवर वा पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर केलेल्या व्यायामानेही तितकाच मिळतो. वजनांच्या हौशी उपासकाला हे पुरेसे आहे.

मल्लाला ते पुरेसे नाही, आणि या साऱ्या चर्चेत त्याचाच विचार सर्वांत कमी झाला. कुस्ती एकट्याने होत नाही. सहा फुटांवरून डाव शिकता येत नाही, आणि अंगातली लढत टिकवायची तर रोज नव्या अंगाशी झोंबावे लागते. तालमीत राहून मेहनत करणारे बहुतेक मल्ल खेड्यापाड्यांतून आलेले शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे मुलगे असतात. दूध, तूप, बदाम यांचा खुराक महाग. तो चालतो घरच्यांच्या पोटाला चिमटा घेऊन आणि चैत्र-वैशाखातील जत्रांच्या फडांत मिळणाऱ्या इनामांवर. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांचे ते हंगाम बुडाले. तालमी रिकाम्या झाल्या, पोरे गावाकडे परतली आणि मिळेल त्या कामाला लागली. इनामाच्या पैशाला ना पगारपत्रक, ना पावती, त्यामुळे हे नुकसान कोणत्याही नोंदीत आले नाही, आणि कारखाने व दुकाने यांच्या मदतीची बोलणी झाली तेव्हा हौद्यातल्या पोरांचा विचार करणारे फार थोडे निघाले. मल्लाचे ऐन उमेदीचे वय जेमतेम दहा वर्षांचे असते; त्यातील दोन वर्षे गेली ती परत मिळत नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाले, त्यानंतर ही स्पर्धा सव्वादोन वर्षे होऊ शकली नाही. एप्रिल २०२२ मध्ये, गुढीपाडव्याच्या सुमारास राज्याने सर्व निर्बंध उठवल्यानंतर काही दिवसांतच, ती साताऱ्यात भरली आणि कोल्हापूरचे पृथ्वीराज पाटील यांनी मानाची गदा पटकावली. मधल्या काळात गावी परतलेल्यांपैकी कित्येक जण त्या आखाड्याच्या आसपासही नव्हते. कोणी शेतीत रमले होते, कोणी शहरात पहारेकऱ्याची नोकरी धरली होती, आणि त्यांच्या वस्तादांना पुन्हा पहिल्यापासून नवे पठ्ठे घडवायला घ्यावे लागले.